स्वस्त संगणकाचा अनुशेष

मराठवाड्यात ‘अनुशेष’ हा शब्द शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकरभरतीचा अनुशेष. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीनं १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला. तेव्हापासून भाषणं, अग्रलेख आणि चहाच्या टपऱ्या यांतून हा शब्द हललेला नाही. त्या हिशेबात संगणक नव्हता, आणि १९८४ साली तो असण्याचं कारणही नव्हतं. पण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये राजीव गांधींच्या सरकारनं नवं संगणक धोरण जाहीर केलं. सुट्या भागांवरचं आयात शुल्क कमी केलं, परवान्यांची भानगड सोपी केली आणि खाजगी कंपन्यांना संगणक बनवायला वाट मोकळी करून दिली. एक वेगळाच अनुशेष तिथून मोजता येतो.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला, प्रवेश झाले, की कन्नड, वैजापूर, सिल्लोड, अंबड, गेवराई अशा ठिकाणांहून मुलंमुली छत्रपती संभाजीनगरात येतात. खोली मिळते, मेस ठरते आणि मग घरात तो प्रश्न निघतो : ‘कॉम्प्युटर लागेल म्हणतात. केवढ्याला पडेल?’ हा प्रश्न आज लॅपटॉपबद्दल असतो. पंचवीस वर्षांपूर्वी तो ‘असेंबल्ड पीसी’बद्दल होता. त्याआधी तो विचारायचीच सोय नव्हती. प्रश्न तोच राहिला आणि उत्तरं बदलत गेली. त्या उत्तरांचा इतिहास पाहिला तर स्वस्त संगणक कुणी दिला आणि कुणी नुसता जाहीर केला, हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

पहिला संगणकही जुनाच होता

मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं १९५८ साली. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं. म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा संगणक सुरू होत होता, त्याच सुमारास औरंगाबादेत इंजिनिअरिंगचे पहिले वर्ग भरत होते. दोन्ही घटना एकाच राज्यातल्या, पण एकमेकींपासून फार लांबच्या. तेव्हा संगणक ही एक खोली असे. थंड केलेली, कुलूपबंद, बाहेर चपला काढायला लावणारी. विद्यार्थ्याचा संगणकाशी संबंध आलाच, तर तो भोकं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यापुरता : गठ्ठा खिडकीतून द्यायचा, उत्तर छापून येण्याची वाट पाहायची आणि एक स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा रांगेत उभं राहायचं.

त्या काळात देशात सर्वाधिक दिसणारा संगणक म्हणजे आयबीएमचा १४०१. अमेरिकेत ज्याचे दिवस भरत आले होते अशी ही यंत्रं भारतात आणली जात, मुंबईच्या कारखान्यात दुरुस्त होत, पुन्हा चकचकीत केली जात आणि घसघशीत भाड्यानं दिली जात. विकली जात नसत. यावर संसदेच्या लोकलेखा समितीनंही ताशेरे ओढले. पुढे परकीय चलन कायद्याच्या वादातून १९७८ मध्ये आयबीएमनं भारतातून गाशा गुंडाळला. आज ‘रिफर्बिश्ड’ या शब्दानं नाकं मुरडली जातात तेव्हा हे आठवलेलं बरं, की या देशाच्या संगणकयुगाची सुरुवातच दुसऱ्याच्या जुन्या यंत्रावर झाली होती. आक्षेप यंत्र जुनं असण्यापेक्षा त्याच्यावर आपली मालकी नव्हती याला जास्त होता. ते उघडायचं कुणी, दुरुस्त कुणी करायचं आणि किती भाडं द्यायचं, हे सगळं कंपनी ठरवत असे.

टीव्हीला जोडायचा संगणक आणि विद्यापीठातलं एक केंद्र

ऐंशीच्या दशकात ही मालकी हळूहळू सुटी होऊ लागली. १९८४ मध्येच केंद्रानं ‘क्लास’ नावाचा शालेय प्रकल्प सुरू केला आणि सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांमध्ये ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक पोचवले. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन सिंक्लेअर स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती काढली. घरच्या टीव्हीला जोडायची, कॅसेट प्लेअरवरून प्रोग्रॅम भरून घ्यायची. ही यंत्रं छोटी असली तरी त्यांच्यात एक मोठी गोष्ट होती : चालू केलं की समोर बेसिक भाषेची चौकट यायची आणि काहीतरी लिहिल्याशिवाय यंत्र काही करायचंच नाही. पूर्ण पीसीचा भाव मात्र अजून मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेरच होता. प्राध्यापकाच्या वर्षभराच्या पगाराशी त्याची तुलना होत असे.

औरंगाबादच्या दृष्टीनं या दशकातली महत्त्वाची घटना फारशी गाजली नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याची बातमी झाली, गावं बदलली, शहर पश्चिमेला पसरलं. १९८७ मध्ये विद्यापीठाच्या परिसरात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचं ‘सीईडीटीआय’, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन आणि तंत्रज्ञानाचं केंद्र आलं. पुढे तेच ‘डोएक’ झालं आणि आता ‘नायलिट’ म्हणून ओळखलं जातं. संगणक वापरायला शिकवणारे क्लास पुढच्या दहा वर्षांत गल्लोगल्ली निघाले. या केंद्राचं वेगळेपण असं, की तिथं सर्किट आखणं, उत्पादन आणि देखभाल हे विषय होते. संगणक ही उघडायची, तपासायची आणि नीट करायची वस्तू आहे, ही समज मराठवाड्यात रुजायला अशा संस्थांची गरज होती. स्वस्त संगणकाच्या पुढच्या गोष्टीत हीच समज कळीची ठरते.

कोटेशनचा कागद

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठीत आला आणि मराठीच झाला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस इथं तैवानहून आलेले मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क यांचे ढीग लागत. तिथून माल जिल्ह्याच्या ठिकाणी येई. दुकानदार, बहुतेकदा स्वतःच डिप्लोमा झालेला एखादा तरुण, गिऱ्हाइकाला एक कागद देत असे. डाव्या बाजूला सुटे भाग, उजव्या बाजूला किमती, खाली बेरीज. वडील तो कागद घडी घालून खिशात ठेवत, दुसऱ्या दुकानात दाखवत आणि तिथून आणखी एक कागद घेऊन येत. कंपनीच्या पीसीपेक्षा ही बेरीज बरीच कमी असायची. त्यात जाहिरातीचा, वितरकांच्या साखळीचा, कंपनीच्या कार्यालयांचा खर्च नव्हता. पुष्कळदा पक्कं बिल नव्हतं, म्हणजे करही नव्हता. आणि विंडोज तर जवळजवळ नेहमीच चोरीची असे. स्वस्ताईचा एक भाग असा अंधारातलाही होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण निव्वळ चोरीमुळे किमती पडल्या असंही नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला आणि त्यानुसार संगणक व त्याच्या भागांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरत २००५ पर्यंत शून्यावर आलं. याची कुणी मिरवणूक काढली नाही. देशात हार्डवेअरचा उद्योग उभा राहण्याला या करारानं खीळ बसली, अशी टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे. पण गेवराईच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलासाठी पीसी आवाक्यात आला, त्यात या रूक्ष कराराचा वाटा कुठल्याही योजनेपेक्षा मोठा होता.

याच काळात अकरावी-बारावीला ‘बायफोकल’ची टूम होती. कॉम्प्युटर सायन्स घेतलं की दोनशे गुणांचा विषय मिळे : ८०८५ मायक्रोप्रोसेसर, सी प्लस प्लस, एचटीएमएल. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यात पोचला. पुढे सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक ठरला आणि शिकलेल्यांची संख्या एक कोटीपलीकडे गेली. पण केंद्रातला तास संपला की संगणकही संपायचा.

इथं साधा हिशेब करून पाहू. समजा, आठवड्याला दोन तासांची दोन प्रात्यक्षिकं आहेत, एका यंत्रावर दोघं बसतात आणि सत्र सोळा आठवड्यांचं आहे. एकूण ६४ तास. वाटून एकाच्या हाताला कीबोर्ड लागतो ३२ तास. ज्याच्या खोलीवर स्वतःचा संगणक आहे आणि जो रोज दोन तास बसतो, त्याचे याच सोळा आठवड्यांत २२४ तास होतात. सातपट. वर्ग एक, प्राध्यापक एक, प्रश्नपत्रिका एक. संगणकाचा अनुशेष मोजायचा तर तो यंत्रांच्या संख्येत नको, अशा तासांत मोजायला हवा.

असेंबल्ड पीसीनं हे तास वाढवले, आणि त्याचं कारण फक्त किंमत नव्हती. तो तुकड्या-तुकड्यानं जगत असे. एसएमपीएस गेला तर एसएमपीएस बदलायचा. रॅम हलली तर काढून, सोनेरी पट्टी खोडरबरनं घासून परत बसवायची. घड्याळ मागे पडलं तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल नवा घालायचा. पहिल्या वर्षी १२८ एमबी, पुढच्या दिवाळीत आणखी १२८. बाहेरचा डबा तोच आणि आतलं सगळं हळूहळू बदललेलं, असा पीसी थोरल्याकडून धाकट्याकडे जाई. जिथं पैसा सुगीच्या वेळी येतो, तिथं हप्त्यानं वाढणारं यंत्र हीच योग्य वस्तू होती.

आणि तरी कोटेशनच्या बेरजेत सगळं येत नव्हतं. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमन कडक होतं आणि ग्रामीण भागाला त्याची झळ जास्त. त्यामुळे यूपीएस ही चैन राहिली नाही. विंडोज ९८ वर युनिकोड मराठी नव्हतं. श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टवर काम चाले आणि एका यंत्रावर लिहिलेलं मराठी दुसऱ्या यंत्रावर अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडत असे. बनवेगिरीही होतीच : जुनी रॅम नवी म्हणून, एका कंपनीची डिस्क दुसरीच्या नावानं. म्हणून ‘ओळखीचा दुकानदार’ हा असेंबल्ड संगणकाचा न दिसणारा सुटा भाग होता. वॉरंटी कागदावर कमी आणि ओळखीत जास्त असे.

आधी किंमत, मग यंत्र

दुकानदार अशी बेरीज खालून वर करत होते, तेव्हा वरूनही प्रयत्न चालू होते. त्यांची रीत उलटी होती : आधी किंमत जाहीर करायची, मग त्या किमतीत काय बसतं ते पाहायचं.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोअर कंपनीतल्या अभियंत्यांनी सिम्प्युटरची कल्पना मांडली. हातात मावणारा, भारतीय भाषांत बोलणारा, गावानं मिळून वापरायचा संगणक. जगभर कौतुक झालं. २००४ मध्ये ‘अमिडा’ या नावानं तो बाजारात आला तेव्हा सर्वांत साध्या नमुन्याची किंमतच दहा हजारांच्या घरात होती, आणि खप काही हजारांवर अडकला. २००५ मध्ये केंद्रीय मंत्री दयानिधी मारन यांच्या आग्रहातून दहा हजारांच्या आतला पीसी निघाला. एचसीएलनं ९,९९० रुपयांना, तर कोलकात्याच्या झेनिटिसनं ‘आमार पीसी’ या नावानं. १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, लिनक्स. यंत्र वाईट नव्हतं. पण महाविद्यालयात विंडोज, सायबर कॅफेत विंडोज, मित्राकडे विंडोज. लिनक्स शिकवणारं जवळ कुणी नाही, आणि बिघडलं तर ओळखीचा दुकानदार म्हणणार, ‘जिथून घेतला तिथं न्या’.

मग आकाश. ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बल यांनी ‘जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट’ म्हणून त्याचं उद्घाटन केलं. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि नखानं दाबल्याशिवाय न ऐकणारा सात इंची पडदा. पहिल्या आवृत्तीवर टीका झाली, प्रकल्प राजस्थानच्या आयआयटीकडून मुंबईच्या आयआयटीकडे आला आणि डॉ. दीपक फाटक यांच्या चमूनं सूत्रं घेतली. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेला आकाश-२ बराच सुधारलेला होता : १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, बरा पडदा. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडत होता आणि विद्यार्थ्याला त्याच्या निम्म्यात द्यायचा होता. फाटकांच्या चमूनं तो नुसता वाटला नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, त्यावर चालणारे प्रोग्रॅम लिहून घेतले. या साखळीतला हा सर्वांत विचारी टप्पा म्हणता येईल. पण सरकारं बदलली, प्राधान्यं बदलली आणि तोवर बाजारात त्याच किमतीच्या आसपास खाजगी टॅबलेट येऊन पडले होते.

या तिन्ही प्रयत्नांमागचा हेतू खोटा नव्हता. कमी पडली ती दुरुस्ती. सिम्प्युटरचा पडदा फुटला तर वैजापूरला काय करायचं, आकाशची बॅटरी फुगली तर सिल्लोडला कुणाकडे जायचं, याचं उत्तर जाहीर केलेल्या किमतीत बसवलेलंच नव्हतं. असेंबल्ड पीसीच्या किमतीत ते न सांगता बसलेलं होतं.

बंद डबा

२०१० नंतर लॅपटॉपनं ही गणितं बदलली. वसतिगृहात, भाड्याच्या खोलीत, अभ्यासिकेत नेता येतो, वीज गेली तरी चालतो. मराठवाड्यासारख्या भागात हा फायदा मोठा आहे आणि त्याला नावं ठेवण्यात हशील नाही. पण लॅपटॉप म्हणजे पुन्हा बंद डबा. पातळ करण्याच्या नादात रॅम बोर्डावर डकवली गेली, बॅटरी आत गेली. घेताना जे आहे तेच शेवटपर्यंत. तुकड्या-तुकड्यानं वाढणारं यंत्र संपलं आणि ओळखीच्या दुकानदाराची जागा सेवा केंद्राच्या टोकननं घेतली.

मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा हिशेब उघडा पडला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या जेमतेम १०.७ टक्के घरांत संगणक होता. शहरांत २३.४ टक्के, ग्रामीण भागात ४.४ टक्के. विद्यार्थ्यांनी मोबाइलवर तास ऐकले, मोबाइलवर परीक्षा दिल्या. तास ऐकता येतो. पण सहा इंची पडद्यावर अंगठ्यानं सी प्लस प्लस लिहिता येत नाही, प्रकल्प अहवाल मांडता येत नाही, कॅडमध्ये रेषा ओढता येत नाही. मोबाइलनं संगणकाचा अनुशेष भरला असं जे म्हटलं जातं, ते पाहण्या-ऐकण्यापुरतं खरं आहे. करण्यापुरतं नाही.

आज काय घ्यावं?

हा इतिहास सांगून त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर न देणं म्हणजे गिऱ्हाइकाला कोटेशनशिवाय परत पाठवणं होईल.

पंचवीस-तीस हजारांत नवा लॅपटॉप मिळतो, पण त्या पातळीवर प्रोसेसर दुबळा, रॅम कमी आणि बहुधा डकवलेली असते. त्याच पैशात किंवा त्याहून कमीत, मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीचे लॅपटॉप मिळतात. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून ते निघतात, तपासले जातात आणि विकले जातात. यांची घडण दणकट असते. अनेक नमुन्यांत रॅम आणि एसएसडी बदलता येते. खोली ठरलेली असेल आणि ने-आण करायची नसेल, तर जुना छोटा ऑफिस डेस्कटॉप आणि वेगळा मॉनिटर याहून स्वस्तात पडतो.

दोन गोष्टी मात्र पाहायलाच हव्यात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे चांगले लॅपटॉप अचानक फार स्वस्त दिसू लागले आहेत. लिनक्स वापरायची तयारी असेल तर हा सौदा उत्तम आहे. २००५ च्या मानानं आता शिकायची सोयही आहे, मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत. तयारी नसेल तर आठव्या पिढीच्या खाली जाऊ नये. दुसरं, २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांना जगभरातली मेमरी हवी आहे. म्हणजे ‘रॅम नंतर टाकू’ हा जुना शहाणपणा सध्या महाग पडू शकतो. घेतानाच १६ जीबी मिळत असेल तर घ्यावी. ८ च्या खाली नको.

बॅटरीचं आरोग्य पाहावं, पडदा पांढरा करून डाग पाहावेत, पक्कं बिल घ्यावं. आणि दुकानदाराला एकच गोष्ट करून दाखवायला सांगावी : मागचं झाकण उघडून दाखवा. ज्याला ते उघडता येतं आणि जो उघडायला कां-कू करत नाही, त्याच्याकडून घ्यावा.

उरतं ते विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नाही. ग्रंथालय पुस्तक घरी देतं, तसा लॅपटॉप सत्रापुरता घरी द्यायला महाविद्यालयाला काय अडचण आहे? कार्यालयांतून निघणारी शेकडो यंत्रं भंगारात जाण्याआधी त्यांची दुरुस्ती शिकवण्यासाठी वापरली, तर नायलिटसारख्या संस्था आणि तंत्रनिकेतनं यांच्याकडे लागणारं सगळं आहे : कार्यशाळा, शिक्षक, विद्यार्थी. नवी योजना आणि नवी किंमत जाहीर करण्याची त्यासाठी गरज नाही. आयबीएमच्या १४०१ पासून आजवर आपण दुसऱ्यांची जुनी यंत्रंच वापरत आलो. या वेळी ती आपली आपण उघडली, नीट केली आणि ज्या मुलीच्या वाट्याला सत्रात बत्तीस तास येतात तिच्या खोलीवर पोचवली, तर निदान हा एक अनुशेष भरून काढायला कुठल्या समितीची वाट पाहावी लागणार नाही.